कमरेएवढ्या पाण्यातली लाट

तीस वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात मी सर्वाधिक वापरलेला शब्द कोणता, असे कोणी विचारले तर 'नको' हेच उत्तर मला द्यावे लागेल. या शब्दासाठी औषधाच्या चिठ्ठीचा कागद लागत नाही, त्याचे दुष्परिणाम लगेच दिसत नाहीत आणि तो उच्चारल्यावर डॉक्टरला रात्री शांत झोप लागते. गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडमध्ये एक्झिटरला भाचीच्या घरी न्याहारी करीत असताना माझ्या थोरल्या बहिणीने मला एक प्रश्न विचारला आणि तिचे वाक्य पुरे होण्याआधीच मी हा शब्द उच्चारून मोकळा झालो.

अक्का एकोणसत्तर वर्षांची. उजव्या गुडघ्याचा सांधा तीन वर्षांपूर्वी बदललेला, रक्तदाबाची एक गोळी, बाकी प्रकृती ठणठणीत. दोन वर्षांपूर्वी भावोजी गेले आणि ती लेकीकडे राहायला आली. आमचे बालपण मालवणजवळ, समुद्राच्या गाजेत गेले. मी आणि थोरला भाऊ दिवसदिवस पाण्यात असू. अक्काने मात्र परकर घोट्याच्या वर न भिजवता वाळूत उभे राहून आमचे सदरे सांभाळायचे, अशी घरची रीत होती. आता तिचा बारा वर्षांचा नातू दर उन्हाळ्यात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर बॉडीबोर्डवर लाटा घेतो आणि ती वाळूत बसून त्याचा टॉवेल सांभाळते.

"सदरे झाले, टॉवेल झाले," ती म्हणाली. "मला एकदा त्या फळीवर पालथं पडून लाटेबरोबर यायचं आहे. डॉक्टर म्हणून सांग, का नको?"

या 'का'ला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठीच आम्ही दुसऱ्या दिवशी पोलझेथला गेलो.

बॉडीबोर्ड म्हणजे तीन-साडेतीन फूट लांबीची फोमची फळी. सर्फिंगमध्ये लाटेवर उभे राहावे लागते. इथे छाती-पोट फळीवर टेकवून पालथे पडायचे आणि लाटेने किनाऱ्याकडे न्यावे. आजच्या रूपातली ही फळी टॉम मोरी या अमेरिकन गृहस्थाने १९७१ मध्ये हवाई बेटावर तयार केली. फोमचा तुकडा कापून, त्यावर वर्तमानपत्र ठेवून त्याने तो चक्क कपड्यांच्या इस्त्रीने गुळगुळीत केला. कॉर्नवॉलची परंपरा त्याहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळापासून इथली माणसे प्लायवूडच्या पातळ, पुढून किंचित वर वळवलेल्या फळ्यांवर लाटा घेत आली. पेरनपोर्थच्या बाजूला अशा सुरुवातीच्या फळ्या शवपेट्या करणाऱ्या सुताराने बनवल्याचे सांगतात. हे ऐकून अक्का म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडची सोय एकाच दुकानात!"

पोलझेथची वाळू पाहिली की ती जागा घरच्या माणसांना का आवडते ते कळते. किनारा रुंद आणि जवळजवळ सपाट आहे. ओहोटीला पाणी इतके मागे जाते की लाटेपर्यंत चालत जाण्याचाच व्यायाम व्हावा, आणि मोठ्या भरतीला ते थेट रस्त्यापाशी येते. गाड्याही वाळूवरच उभ्या करतात. वेळेचे भान न ठेवणाऱ्याची गाडी मग समुद्रस्नान करते. उत्तर कॉर्नवॉलमध्ये उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सात मीटरच्या आसपास जातो, आपल्या मालवणच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे इथे 'चांगला किनारा कोणता' हा प्रश्न अपुरा पडतो. तोच किनारा सकाळी सौम्य आणि दुपारी आडदांड असू शकतो. भरतीचे वेळापत्रक पाहायचे, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळून अष्टमीच्या सुमाराचा भांग निवडायचा, हे आपल्या आजोबांना ठाऊक असलेले शहाणपण इथेही तसेच लागू पडते.

दुसरी गोष्ट लाटेच्या जातीची. उथळ, सपाट वाळूवर लाट दुरूनच फुटते, तिचा माथा सांडत सांडत पांढरा फेस होऊन पुढे सरकतो. ही सांडणारी लाट. वाळूला तीव्र उतार असेल तर तीच लाट शेवटपर्यंत उभी राहते आणि काठावर एकदम आदळते. ही आपटणारी लाट. वयस्क माणसाने फक्त पहिल्या जातीशी संबंध ठेवावा. किनाऱ्यावर दहा मिनिटे नुसते उभे राहून पाहिले तरी फरक कळतो. सांडणाऱ्या लाटेचा आवाज सलग, ओल्या वाळूवर चादर ओढावी तसा येतो. आपटणारीचा आवाज तुटक, धाडकन दार लागावे तसा.

आता फळीविषयी. आम्ही ती काठावरच्या दुकानातून भाड्याने घेतली आणि आपणही पहिल्या खेपेस तसेच करावे. पर्यटनस्थळी सर्वत्र टांगलेल्या स्वस्त, रंगीत चित्रांच्या फळ्यांत बहुधा कापडात गुंडाळलेला थर्माकोल असतो. अशी फळी मोठ्या माणसाच्या वजनाखाली मधोमध तुटते आणि तिचे दाणे समुद्रात जातात. चांगल्या फळीचा गाभा पॉलिइथिलीनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. यांतला दुसरा अधिक ताठ, उबदार समुद्रासाठी योग्य. थंड पाण्यात पहिला बरा, कारण गारव्याने तो फार कडक होत नाही आणि छातीखाली थोडा मऊ राहतो. बरगड्या आणि पाठीचा कणा ठिसूळ होण्याच्या वयात हा मऊपणा चैनीचा नव्हे, गरजेचा. मापाची युक्ती सोपी आहे: फळी जमिनीवर उभी धरली की तिचे टोक बेंबीपर्यंत यावे. वजन थोडे जास्त असेल तर एक-दोन इंच मोठी घ्यावी आणि पुढचा भाग रुंद निवडावा, म्हणजे छातीला आधार मिळतो. पाच फूट एक इंच उंचीच्या अक्काला एकोणचाळीस इंची फळी बरोबर बसली.

फळीला एक वेटोळी दोरी असते, ती दंडाला किंवा मनगटाला बांधतात. ज्यांची त्वचा पातळ झाली आहे किंवा जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी तिचा पट्टा उघड्या कातडीवर न बांधता बाहीवर बांधावा, नाहीतर संध्याकाळी हात काळानिळा दिसतो. बदकाच्या पायांसारखे रबरी पर दुकानदार आग्रहाने दाखवतो. ते खोल पाण्यात पोहत लाट पकडणाऱ्यांसाठी आहेत. कमरेएवढ्या पाण्यात ते घालून चालणे म्हणजे पडण्याला आमंत्रण.

खरी कसोटी वेटसूटची. ऑगस्टअखेरीसही तिथले पाणी सोळा-सतरा अंश सेल्सियसवर होते. आपला कोकणचा समुद्र सव्वीसच्या खाली क्वचितच जातो. उन्हाळ्यासाठी धडाला तीन व हातापायांना दोन मिलिमीटर जाडीचा निओप्रिनचा सूट पुरतो, पण तो अंगावर चढवणे हे आखडलेल्या खांद्याच्या माणसाला एकट्याने साधणारे काम नाही. पायात आधी प्लास्टिकची पिशवी घातली की पाय सहज आत सरकतो, ही नातवाने शिकवलेली युक्ती सोन्याच्या मोलाची आहे. सूट चढवण्याआधी शौचालयात जाऊन यावे, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. थंड पाण्यातही लघवीची भावना वाढते. अंगठ्या व बांगड्या घरी ठेवाव्यात, गारव्याने बोटे आक्रसतात आणि अंगठी कधी गेली ते कळत नाही. कवळी काढून डबीत ठेवावी. श्रवणयंत्र काढल्यावर लाटांच्या आवाजात काहीच ऐकू येणार नाही, म्हणून सोबतच्या माणसाशी हातांच्या खुणा आधीच ठरवाव्यात. आम्ही तीन ठरवल्या: एक हात वर म्हणजे 'ठीक आहे', दोन्ही हात डोक्यावर म्हणजे 'बाहेर ये', आणि हात उंच करून हलवणे म्हणजे 'मदत'.

पायांत रबरी बूट हवेतच. वाळूत अंग पुरून बसणारा वीव्हर नावाचा छोटा मासा तिथे असतो, त्याच्या पाठीवरच्या काट्याचा दंश फार ठणकतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय निदान अर्धा तास बुडवून ठेवणे हा त्यावरचा उपाय. मात्र मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना 'सोसवेल' किती ते समजत नाही, म्हणून पाण्याची ऊब सोबत्याने स्वतःच्या हाताने तपासावी.

तिथल्या वाळूवर जीवरक्षक दोन लाल-पिवळे झेंडे रोवतात. त्यांच्या मधला पट्टा पोहणाऱ्यांसाठी आणि बॉडीबोर्डवाल्यांसाठी. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या झेंड्यांमधला भाग कठीण सर्फबोर्डांचा, तिथे आपले काम नाही. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचेच नाही. भरती सरकेल तसे झेंडेही सरकतात, त्यामुळे दर थोड्या वेळाने किनाऱ्याकडे पाहून आपण कुठे वाहत आलो ते तपासावे लागते. एखाद्या ठिकाणी लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि गडद दिसते, तिथे जावेसे वाटते. बरेचदा तीच परतीची ओढ असते, पाणी आत खेचून नेणारी. तिच्यात सापडल्यास फळी सोडू नये, किनाऱ्याकडे झुंजत येण्याचा प्रयत्न करू नये, हात वर करून मदत मागावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर सरकावे.

अक्का पाण्यात गेली ती अगदी सावकाश: घोटे, गुडघे, मग हातांनी मानेवर व तोंडावर पाणी. हे सावकाशपण मी आज्ञेसारखे लादले होते. थंड पाण्यात एकदम शिरले की श्वास धापा टाकल्यासारखा आत ओढला जातो, रक्तदाब उसळतो, हृदयावर ताण येतो. एक-दोन मिनिटांत हे ओसरते, तोवर डोके पाण्याबाहेर हवे. फळी तिने अंगाच्या बाजूला धरली होती. ती आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधीही धरू नये, कारण लाट तीच फळी आपल्या बरगड्यांवर किंवा तोंडावर मारते. कमरेएवढ्या पाण्यात ती किनाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, शेजारी नातू. गुडघ्याहून उंच नसलेला पांढरा फेस मागून हातभर अंतरावर आला तेव्हा तो ओरडला, "आज्जी, आत्ता!" ती पुढे झुकली, पोट फळीवर टेकले आणि तीसेक फूट ती सरळ आली. मांडीएवढे पाणी असतानाच पाय खाली टाकायचे, वाळूपर्यंत जायचे नाही, असे ठरले होते. वाळूवर पोचले की गुडघे टेकून उठावे लागते आणि बदललेल्या गुडघ्याला ते मानवत नाही. पहिल्या वेळी ती हे विसरली. नातवाने आणि मी तिला दोन्ही बगलांना धरून उठवले. नाकातोंडात पाणी, केस विस्कटलेले. ती काहीच बोलली नाही, फळी उचलून पुन्हा आत निघाली. वीस मिनिटांनी मी दोन्ही हात डोक्यावर ठेवले, तेव्हा तिने मला न दिसल्यासारखे केले.

इथवरची हकीकत वाचून आपल्याला वाटेल की या लेखातला जपायचा रुग्ण अक्का होती. मलाही तसेच वाटत होते.

दोन दिवसांनी आम्ही दक्षिणेला चॅपल पोर्थला गेलो. दोन कड्यांमधली छोटी खिंड, वर कड्यावर व्हील कोट्स या बंद पडलेल्या कथलाच्या खाणीचे दगडी धुराडे, आणि खाली एक छोटे उपाहारगृह. तिथे आइस्क्रीमवर घट्ट साय थापून ते भाजलेल्या हेझलनटांत घोळवून देतात, त्याला 'हेजहॉग' म्हणतात. (डॉक्टर म्हणून मी याविषयी अधिक लिहीत नाही.) जुन्या लाकडी फळ्यांची स्पर्धा या शतकाच्या आरंभी इथेच सुरू झाली, तिच्यात वेटसूट आणि पायांचे पर वर्ज्य, आणि केस पिकलेल्या स्पर्धकांची संख्या नजरेत भरणारी. ओहोटीला इथे प्रशस्त वाळू असते. आम्ही पोचलो तेव्हा भरती चढत आली होती आणि वाळूचा फक्त उताराचा तुकडा उरला होता. लाटा काठावर आपटत होत्या. अक्काने आवाज ऐकला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ही धाडकन दारवाली. मी नाही जात."

मी गेलो. सत्तावन्नाव्या वर्षी, मालवणचा पोहणारा म्हणून, 'एकच लाट' म्हणून. लाटेने मला उचलले, फळीचे टोक खाली गेले आणि कपाळ वाळूवर आदळून मान मागे वाकली. उठलो तेव्हा दोन्ही हातांत खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या होत्या. दहा मिनिटांत त्या ओसरल्या. वाळूत बसून मी दुसऱ्या कोणा रुग्णाला काय सांगितले असते, ते मला शब्दशः ठाऊक होते: मानेला मार आणि दोन्ही हातांत मुंग्या म्हणजे मज्जारज्जूला धक्का, हलू नका, आहे तिथेच पडून राहा, जीवरक्षकाला बोलवा, मान स्थिर ठेवा, तडक रुग्णालयात जा. मी उठलो, कपडे बदलले आणि हेजहॉग खाल्ले. चार तास कोणाला काही सांगितले नाही. रात्री सदऱ्याची बटणे लावताना बोटे चुकू लागली आणि अक्काने ते पाहिले. "मुंग्या आल्या होत्या का रे?" तिने विचारले. माझ्या दवाखान्यात बसून वर्षानुवर्षे ऐकलेले तिला बरेच ठाऊक आहे.

भाचीने त्याच रात्री रुग्णालयात नेले. तपासणीत नवी इजा दिसली नाही, पण मानेच्या मणक्यांमधली मज्जारज्जूची नळी वयोमानाने बरीच अरुंद झालेली आढळली. अशी अरुंद नळी आपल्यापैकी अनेकांच्या मानेत असते आणि आयुष्यभर कळत नाही. हवाई बेटांवरील डॉक्टरांनी लाटांत मानेला होणाऱ्या गंभीर दुखापतींचा अभ्यास केला आहे. त्यांना तिथे सापडलेले रुग्ण बहुतेक बाहेरून आलेले पुरुष पर्यटक होते, आणि अनेकांची नळी आधीच अरुंद होती. ते वाचताना मी कोणाचे वर्णन वाचतो आहे हे मला सांगावे लागले नाही.

म्हणून, हा खेळ कोणी खेळू नये याची माझी यादी आता वयाने सुरू होत नाही. मान वळवताना हातांत झिणझिण्या येणारे, बोटांतली पकड सैल झालेले, चालताना तोल जाणारे यांनी आधी मान तपासून घ्यावी. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेले, थोड्या श्रमाने छातीत दुखणारे, रक्तदाब ताब्यात नसलेले, फिट येणारे यांना माझा 'नको' कायम आहे. अस्थिभंगाचा इतिहास असलेल्या ठिसूळ हाडांच्या व्यक्तींनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाण्यात जाण्याची मुभा देईपर्यंत थांबावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये. पिशवीत साखर असावी आणि ती कुठे आहे हे सोबत्याला माहीत असावे. पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच कडक गरम पाण्याने अंघोळ करू नये, रक्तदाब घसरून चक्कर येते. आधी कोरडे कपडे, टोपी, कोमट चहा. परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांनी प्रवासविमा घेताना जुने आजार लपवू नयेत आणि अशा खेळातली इजा त्यात धरली आहे का ते वाचून घ्यावे.

आपल्याकडचे काय, असे आपण विचाराल. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात लावायचा नाही, हा आमच्या कोळीबांधवांचा रिवाज लाटा घेणाऱ्यालाही लागू आहे. गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक आहेत आणि तिथेही लाल-पिवळ्या झेंड्यांचीच भाषा चालते. थंडीच्या महिन्यांत तिथला समुद्र बहुधा लहान लाटांचा आणि उबदार असतो, सूटची कटकट नाही. कोकणात जिथे जीवरक्षक नाही तिथे, किनारा ओळखीचा असला तरी, मी कोणाला उतरवणार नाही.

परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा पोलझेथला गेलो. माझ्या गळ्यात पट्टा होता, त्यामुळे मान वळवायची तर सगळे अंग वळवावे लागे. भांगाचे दिवस, अर्धी ओहोटी, वारा जमिनीकडून हलका. अक्काने स्वतः झेंडे पाहिले, दहा मिनिटे लाटांचा आवाज ऐकला, कवळी डबीत ठेवून डबी माझ्या हाती दिली आणि वर टॉवेल, चष्मा व नातवाचा सदराही दिला. मी वाळूत घड्याळ लावून बसलो. वीस मिनिटे झाल्यावर उठून, दोन्ही हात डोक्यावर नेण्याचा प्रयत्न केला, पण पट्ट्यामुळे ते नीट वर जाईनात. ती कमरेएवढ्या पाण्यात किनाऱ्याकडे तोंड करून उभी होती. तिने एक हात वर केला आणि पुढची लाट घेतली.